धोकटी हवी हक्काची

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरात लाटणं कुठं असतं? डोळे मिटून सांगाल. चहाची गाळणी, किसणी, सोलाणं? तेही सांगाल. आता सांगा, पक्कड कुठं असते? इथं मात्र आपण अडखळतो. ‘टीव्हीखालच्या खणात असेल बघ’, ‘माळ्यावर एका डब्यात होती’, किंवा सगळ्यात ठरलेलं उत्तर, ‘ह्यांना विचारावं लागेल.’ त्या खणात हात घातला की जुने सेल, कुठल्या कुलपाच्या ते माहीत नसलेल्या किल्ल्या, गेल्या वर्षीच्या लग्नपत्रिका आणि सगळ्यात खाली मूठ तुटलेला स्क्रू ड्रायव्हर.

फोडणीचं तेल तापलं की आपला हात न बघता मोहरीवर जातो, कारण मिसळणाच्या डब्यात प्रत्येक वाटीची जागा ठरलेली आहे. वाटी रिकामी झाली तर झाकण उघडताक्षणी कळतं. हीच युक्ती हत्यारांसाठी वापरली की तयार होते चामड्याची कप्प्याकप्प्यांची पट्टी. प्रत्येक कप्प्यात एक हत्यार, वरून झाकण्याची घडी, मग गुंडाळून पट्ट्यानं बांधायची. परदेशात हिला टूल रोल म्हणतात. आपल्याकडे हिची थोरली बहीण फार जुनी आहे. न्हाव्याची धोकटी! गावाकडे वाढलेल्या बायकांना आठवत असेल. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा, सगळं त्या चामडी धोकटीत. अंगणात बसायचं, धोकटी उघडायची आणि काम सुरू. म्हणून मी या वस्तूला सरळ धोकटीच म्हणणार आहे.

आता महिलांच्या पुरवणीत धोकटीचं काय काम, असं वाटेल. सांगते.

आमच्या मिरजेकडच्या बचत गटातल्या अकरा जणी गेल्या वर्षी घरगुती विजेची आणि नळाची किरकोळ दुरुस्ती शिकल्या. स्विच बदलणं, प्लगला वायर जोडणं, पंख्याचा रेग्युलेटर, इस्त्रीची दोरी, गळका नळ, फ्लशची टाकी. मीटर आणि मुख्य लाइनचं काम परवानाधारक वायरमनचंच, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. तीन महिने मन लावून शिकल्या. सर्टिफिकेटं मिळाली, फोटो निघाले. आणि पुढं? सहा महिन्यांनी मी घरोघर फिरले, तर बहुतेक सर्टिफिकेटं कपाटात साडीच्या घडीखाली होती.

प्रत्येकीचं कारण निराळं होतं, पण बोलता बोलता एक गोष्ट सगळीकडे निघाली. हत्यारं स्वतःची नव्हती. वर्गातली हत्यारं संस्थेला परत गेली. घरात एखादी पक्कड होती, ती नवऱ्याची. एका बाईला शेजारच्या गल्लीतून रविवारी सकाळी बोलावणं आलं होतं, स्वयंपाकघरातलं बोर्ड बंद पडलं होतं म्हणून. तिनं खण उघडला तर पक्कड आणि टेस्टर गायब. नवरा मित्राच्या मोटरसायकलसाठी घेऊन गेलेला. तो दुपारी आला, तोवर त्या घरच्यांनी दुसऱ्याला बोलावून काम करून घेतलं. ‘माझंच होतं ना ताई शिकलेलं,’ ती म्हणाली. ‘पर हत्यार त्यांचं.’

दुसरीचा अनुभव वेगळा. ती वेळेवर गेली, पण हत्यारं होती साडीच्या दुकानाच्या कॅरीबॅगेत. दार उघडणाऱ्यांनी पिशवीकडे बघितलं, मग तिच्या मागं बघितलं आणि विचारलं, ‘मिस्त्री कुठाहेत?’ बाईनं सांगितलं, ‘मीच आलेय.’ तरी पुढचा अर्धा तास घरातले गृहस्थ तिच्या डोक्याशी उभे. ती पिशवीत हात घालून टेस्टर शोधतेय, हाताला स्क्रू टोचतोय, आणि वर हे पाहणारे डोळे. काम नीट झालं. पण तिनं पुन्हा जायचं नाव काढलं नाही.

मग गटाच्या बैठकीत ठरलं, की बचतीतून प्रत्येकीला हत्यारं आणि धोकटी घ्यायची. पैसे हप्त्यानं फेडायचे, म्हणजे ती दान म्हणून आलेली नसेल. धोकट्या बघायचं काम माझ्याकडे आलं. मी कला शाखेची पदवीधर. पक्कड आणि पाना यांतला फरकही मी या बायकांकडूनच शिकले. त्यामुळं विचारत, हाताळत, मापं घेत जे कळलं, ते तुमच्यासाठी मांडते.

पहिली गोष्ट, धोकटी घ्यायला दुकानात जाऊ नका. आधी घरी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा आणि हत्यारं ओळीनं मांडा. गेल्या दहा कामांत कुठली खरंच वापरली, ती एका बाजूला काढा. आमच्या विजेचं काम करणाऱ्या बायकांची यादी अशी झाली: आठ इंची पक्कड, निमुळत्या तोंडाची नोज प्लायर, वायर सोलायचा स्ट्रिपर, टेस्टर, एक मोठा आणि एक लहान चपटा स्क्रू ड्रायव्हर, एक फुलीच्या तोंडाचा, चाकू, लहान पाना आणि चिकटपट्टी. दहा वस्तू. भाजीवालीच्या काट्यावर तोललं तर सव्वादोन किलो भरलं. हातोडी, पाईप पाना आणि ड्रिल मशीन धोकटीत घालायची नाहीत. ती जड असतात, गुंडाळीचा आकार बिघडवतात आणि टाके उसवतात. त्यांना वेगळी पिशवी.

हत्यारं घेताना एक गोष्ट जरूर बघा. पक्कडीच्या मुठीवर रंगीत प्लॅस्टिक असतं, म्हणून ती शॉकपासून वाचवते असं नाही. पुष्कळदा ते फक्त पकडीसाठी असतं. विजेच्या कामाच्या खऱ्या इन्सुलेटेड हत्यारावर १००० व्होल्ट असा छाप असतो. तो बघूनच घ्या आणि तरीही मेन स्विच बंद करूनच काम करा. हत्यारांसाठी परदेशी नावांकडे बघायची गरज नाही. तापडियांचा कारखाना आपल्याच नाशिकच्या सातपूरमध्ये आहे. चांगल्या पक्कडीला जपलं तर ती सुनेच्या हातात जाईल.

दुसरी गोष्ट माप. इथं आपण बायका कुणालाच हार जाणार नाही, कारण ब्लाऊज बेतणं आपल्या हाडीमांसी मुरलेलं. तपकिरी कागद घ्या, हत्यारं त्यावर मांडा आणि पेन्सिलीनं आखा. सगळ्यात लांब हत्याराची लांबी अधिक वरच्या घडीसाठी चार-पाच इंच, ही झाली धोकटीची उंची. कप्पा आखताना फक्त रुंदी धरू नका, जाडीही धरा. पक्कड सपाट दिसते, पण कप्प्यात शिरताना जाडी जागा मागते. शिलाईसाठी माया सोडतो तशी इथंही सोडायची. कप्प्याची खोली हत्याराच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त असावी. फार खोल केलं तर मूठ बाहेर येत नाही आणि बोटांनी चिमटीत धरून उपसावं लागतं. उथळ केलं तर गुंडाळताना हत्यार बाहेर पडतं. वरची घडी त्यासाठीच असते, ती आत दुमडली की उलटी धरली तरी काही पडत नाही.

कप्पे किती? दहा-बारा पुष्कळ झाले. बाजारात वीस-वीस कप्प्यांच्या धोकट्या रुबाबदार दिसतात. पण भरून गुंडाळल्या की पाहुण्यांच्या गादीची वळकटी होते, हातात मावत नाही. जड हत्यारं एका टोकाला ठेवा आणि त्याच टोकापासून गुंडाळायला सुरुवात करा. जड वस्तू आत जातात, हलक्या बाहेर राहतात आणि गुंडाळी घट्ट बसते. तळाशी मात्र चामड्याचा दुहेरी थर मागून घ्या. स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेरी तळ हळूहळू भोसकतं.

आता चामडं. दुकानात ‘प्युअर लेदर, मॅडम’ असं सगळेच म्हणतात. खरं चामडं, रेक्झिन आणि चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा, तिन्ही वरून सारखेच चकचकीत दिसू शकतात. म्हणून वरून बघू नका, कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात आणि मागची बाजू खरखरीत, लवदार असते. रेक्झिनच्या मागं कापड असतं. दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. अगदी गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखा एकसारखा पृष्ठभाग असेल तर शंका घ्या. खऱ्या कातड्यावर बारीक छिद्रं असतात, कुठं ओरखडा असतो, कुठं गोचिडाचा डाग असतो. त्यानं ते वाईट ठरत नाही.

चामडं कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक झाडांच्या सालींची. बाभळीची साल आणि हिरडा वापरून, आठवडेच्या आठवडे मुरवत. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच रीतीचं. दुसरी क्रोमची. रसायनानं फार लवकर तयार होणारी, मऊ. आपल्या पर्स, बूट, जाकिटं बहुतेक त्याचीच. सालीचं चामडं टणक असतं, कप्प्याचा आकार धरतं आणि हात लागेल तसं गडद, देखणं होत जातं. क्रोमचं लवचिक असतं आणि पाणी लागलं तरी फारसं कडक होत नाही. पण कप्प्यांना ते ढिलं पडतं.

मी कोल्हापूरला चप्पल लाइनमध्ये चौकशी करत हिंडले. तिथून एका शिवणाऱ्या मामांचा पत्ता लागला. घराच्या ओसरीवर त्यांचं काम. समोर ऐरण, रापी, आरी, मेण लावलेला दोरा. मी कागदाचा नमुना पुढं केला. त्यांनी बायकांच्या हत्यारांची यादी ऐकली, हसले नाहीत, विचारलं, ‘शिडीवर चढून काम हाय का बसून?’ इतक्या दुकानांत फिरले, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मग त्यांनी दोन तुकडे माझ्या हातात दिले. ‘वैनी, ह्यो पोटाकडचा. वढून बघा. ताणतोय न्हवं? आन ह्यो पाठीचा. म्हाग पडंल, पर तुमच्या पक्कडीच्या वजनानं लोंबायचा न्हाई.’ दोन्ही एकाच जनावराचे, एकाच कुंडीत मुरवलेले. फरक हाताला लगेच कळला. पाठीचं कातडं घट्ट, पोटाचं सैल. दुकानातली स्वस्त वस्तू पुष्कळदा पोटाच्या कातड्याची असते.

कुठल्या जनावराचं, हेही मी विचारलं, कारण आमच्या गटात तो प्रश्न येणारच होता. ‘म्हशीचं,’ मामा म्हणाले. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हशीचं कातडं जाड, दाणेदार असतं. धोकटीला दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरते. कंबरपट्ट्याच्या जाडीचं घेतलं तर ते गुंडाळायलाच येत नाही.

खर्चाचा हिशेबही तिथंच मांडला. चामडं चौरस फुटावर विकतात. आमची धोकटी चोवीस इंच लांब आणि चौदा इंच उंच, म्हणजे सव्वादोन चौरस फुटांहून थोडं जास्त. कप्प्यांची पट्टी सात इंच उंचीची, म्हणजे सव्वा चौरस फुटाच्या आत. पट्टे आणि कापताना जाणारं धरून चार चौरस फूट. चामड्याची आणि दोऱ्याची किंमत निराळी, मजुरी निराळी, असं मामांनी सांगितलं आणि मी मजुरीत घासाघीस केली नाही. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून हुज्जत घालणाऱ्या आपण, हातांनी टाका घालणाऱ्याचा दिवस किती रुपयांचा, याचा विचार क्वचित करतो.

टाक्याचंही सांगते. हाताच्या टाक्यात एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्हीकडून दोरा जातो. त्यामुळं एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. मशीनचा टाका दिसायला सुबक, पण एकदा सुटला की पुढं उसवत जाऊ शकतो. निदान कप्प्याच्या तोंडाशी, जिथं सगळा ताण येतो, तिथं तांब्याची किंवा पितळेची रिबिट मारून घ्या. बक्कलही पितळी घ्या. लोखंडी बक्कल गंजतं. व्हेलक्रो किंवा चुंबकाची बटणं नकोत. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो आणि व्हेलक्रोत दोरे अडकतात. खांद्याला अडकवायचा पट्टा मात्र हवाच. बसमध्ये दांडी धरायला आणि स्कूटी चालवायला दोन्ही हात मोकळे लागतात.

मामांच्या घरात टाके मामा घालत होते, पण चपलेच्या पट्ट्यांची बारीक वेणी त्यांच्या घरच्या बाई घालत होत्या. कोल्हापुरी चपलेच्या धंद्यात हे वेणीचं काम पुष्कळ ठिकाणी बायकाच करतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मान मोठा आहे. पण मी त्या बाईंना विचारलं, ‘तुमची हत्यारं कुठली?’ तर म्हणाल्या, ‘आमची कशाची? ह्यांचीच घेतो की.’ मला आमच्या गटातली ती रविवारची पक्कड आठवली.

सरकारी योजनेतही हा प्रश्न डोकावतोच. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, चर्मकार, न्हावी, शिंपी असे अठरा व्यवसाय त्यात आहेत. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. योजना चांगली आहे, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर जरूर सांगा. पण नोंदणी एका कुटुंबातून एकाचीच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आता चपला शिवणाऱ्या घरातून नाव कुणाचं जाईल? वीज आणि नळाची दुरुस्ती तर त्या अठरांत नाहीच. म्हणून आमच्या बायकांना बचत गटाचाच आधार.

धोकट्या तयार होऊन आल्या, त्या आठवड्यात गटात दोन वाद झाले. पहिला, चामडं घरात कुठं ठेवायचं? एका सासूबाईंनी बजावलं, ‘स्वयंपाकघरात नको, देवघराच्या भिंतीला तर मुळीच नको.’ मी वाद घातला नाही, एवढंच विचारलं, ‘आजी, मृदंगाला काय लावलेलं असतं?’ त्या गप्प राहिल्या. धोकटी बाहेरच्या खोलीत खुंटीवर गेली. खरं तर ती तिथंच बरी, हवेशीर. पण चामड्याला शिवू नये, ते कमावणाऱ्याला शिवू नये, ही एकाच दोऱ्याची दोन टोकं आहेत, हे त्या दिवशी बैठकीत एका मुलीनं बोलून दाखवलं आणि कुणालाच ते खोडता आलं नाही. ज्यांना मनापासून चामडं वापरायचं नाही, त्यांच्यासाठी जाड कॅनव्हासची धोकटी आहेच. तीही उत्तम.

दुसरा वाद पाण्याचा. नळाचं काम करणाऱ्या तिघी म्हणाल्या, ‘आमची हत्यारं कायम ओली. चामडं टिकेल का?’ त्यांचं बरोबर होतं. चामडं ओल धरून ठेवतं आणि ओल्या चामड्यात लोखंड ठेवलं की गंज चढतो. सालीच्या चामड्यात आणखी एक गंमत होते. हिरडा आणि हिराकस मिसळून पूर्वी काळी शाई करत, हे तुम्ही ऐकलं असेल. हिरड्यातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग होतो. तसेच काळे डाग ओलं हत्यार ठेवल्यावर चामड्यावर उमटतात. त्यामुळं त्या तिघींना आम्ही कॅनव्हासच्या धोकट्या शिवून दिल्या. गटातल्याच शिलाई मशीनवर, निम्म्याहून कमी खर्चात. धुता येतात, उन्हात वाळवता येतात. विजेचं काम कोरडं, तिथं चामडं. नळाचं काम ओलं, तिथं कापड. महाग ते चांगलं असा हिशेब इथं चालत नाही.

चामड्याची निगा कठीण नाही. काम संपलं की हत्यार फडक्यानं कोरडं पुसून मगच कप्प्यात घाला. महिन्यातून एकदा हत्यारांच्या सांध्यात शिलाई मशीनचं तेल एक थेंब. धोकटी भिजली तर उघडी करून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर चामडं ताठ होऊन तडकतं. उन्हाळ्यात चामडं कोरडं वाटलं तर खोबरेल किंवा एरंडेल बोटानं अगदी हलकं चोळा. ओतू नका, नाहीतर ते लिबलिबीत होईल. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा दर आठवड्याला उघडून कोरड्या फडक्यानं पुसा. बुटाच्या खोक्यात मिळणारी ओल शोषणारी पुडी फेकू नका, धोकटीजवळ ठेवा. आणि चार महिने काम नसेल तर हत्यारं बाहेर काढून डब्यात ठेवा. लांबच्या मुक्कामाला चामडं बरं नव्हे.

या सगळ्याचा उपयोग काय झाला, ते प्रामाणिकपणे सांगते. अकरांपैकी सहा जणी आता नियमित कामाला जातात. दोघी कधीमधी. एकीची धोकटी माहेरी ठेवलेली आहे, कारण सासरी अजून पटलेलं नाही. ती माहेरी गेली की तिथल्या वाडीत कामं करते. दोघी मुळीच जात नाहीत. पण जाणाऱ्या बायका सांगतात, की दारात धोकटी उलगडून जमिनीवर अंथरली की ‘मिस्त्री कुठाहेत’ हा प्रश्न येत नाही. टेस्टर शोधावा लागत नाही. वर बघितल्याशिवाय हात खाली जातो आणि हवं ते हाताला लागतं. निघताना रिकामा कप्पा दिसला की कळतं, नोज प्लायर बोर्डाच्या वर राहिली आहे. यजमानांच्या घरात हत्यार विसरलं, असं अजून एकदाही झालेलं नाही.

आणि त्या रविवारच्या बाई? त्यांच्या धोकटीच्या कोपऱ्यात मामांनी आरीनं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरून दिलंय. नवऱ्यानं एकदा पक्कड मागितली. त्यांनी दिली. वर एवढंच म्हणाल्या, ‘संध्याकाळी पाचला मला काम आहे. त्याच्या आत कप्प्यात परत ठेवा.’ ठेवली म्हणे, पुसून.

बायकांनी हत्यारं हाती घेणं नवं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शिक्षणक्रमात वर्कशॉप आणि विजेचं काम मुलामुलींना सारखंच शिकवलं जातं. उत्तर प्रदेशात चित्रकूट-बांदा भागातल्या खेड्यातल्या बायका १९९० च्या दशकात हापसे दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या कितीतरी लिहावाचायला शिकलेल्या नव्हत्या, पण पान्याचं तोंड त्यांना बरोबर कळत होतं. शिकवणारे भेटतात. हाताला कौशल्य येतं. अडतं ते बहुधा शिकून घरी आल्यानंतर, त्या टीव्हीखालच्या खणापाशी.

तुम्हाला दुरुस्तीचा धंदा करायचा नसेल, तरी एक छोटी धोकटी घरात असू द्या. सहा कप्प्यांची पुरे: पक्कड, टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर, चाकू, चिकटपट्टी. जुन्या जीनच्या पायाचीही शिवता येईल. ती तुमच्या नावाची असू द्या, आणि शाळेतून आलेल्या लेकीला तिची जागा माहीत असू द्या.

संक्रांत जवळ आली की हळदीकुंकवाला काय लुटायचं, यावर आपल्या बैठकी बसतात. प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, रुमाल आपण किती वर्षं लुटले! यंदा आमच्या गटानं टेस्टर लुटायचे ठरवले आहेत. वाण घेणाऱ्या प्रत्येकीला तो वापरायचा कसा, हेही दोन मिनिटांत करून दाखवणार आहोत. तुमच्या गल्लीतही जमेल. बघा करून.